झारा माझा

रात्री अकरा चाळीसला, गायत्री नगरात,
भाड्याच्या हॉलमधल्या आमच्या ऑफिसात
कूलरचं पाणी संपलं होतं, मे महिना,
पलाशनं चाचणी चालवली
आणि सहाशे बारा माणसांना खरोखरचा मेसेज गेला :
आपला हप्ता थकला आहे. त्वरित भरा.

एक फोन उलटून आला, माझ्याच नंबरवर.
तो नंबर कोडात मीच लिहिला होता दोन वर्षांपूर्वी
घाईत, नंतर काढू म्हणून.
नंदनवनातून एक बाई. आवाज झोपेतला नव्हता.
"मॅडम, हे तर फेब्रुवारीतच गेले.
आता कोणता हप्ता राह्यला?"

पतसंस्थेचं काम. क्लासचं नाव हप्तास्मरण.
उघडून पाहिला, तर सगळं त्याच्या पोटात :
डेटाबेस त्यानंच गाठायचा,
घड्याळ त्यानंच बघायचं,
मेसेजवालाही न्यू लिहून त्यानंच जन्माला घालायचा
पासवर्डासकट.
बाहेरून कुणी म्हटलं असतं, आज सराव आहे बाबा,
हा खोटा मेसेजवाला घे, तो नुसता वहीत लिहितो,
तर घ्यायला त्याला हातच नव्हता.

माझे बाबा आचारी. पाचपावलीपासून कामठीपर्यंत
लग्नं, तेरव्या, बारशी.
घरातून निघताना सोबत फक्त झारा, पेपरात गुंडाळलेला.
बाकी यादी, आठ दिवस आधी यजमानाच्या हातात :
जवसाचं तेल, खसखस, दगडफूल, सुंठ,
भट्ट्या दोन, गंज चार, वाढपी सहा,
आणि तळाशी, दरवेळी, तिरप्या अक्षरात :
झारा माझा.
"दुकान मी पायत नाही," म्हणायचे,
"इतवारीतून आणा नाहीतर घाण्यावरून आणा,
माह्या हातात आलं म्हंजे झालं."
कुठे लाकडं, कुठे गॅस, कुठे गळकी टाकी,
रश्शाला कधी पत्ता लागला नाही.

पहाटे चारपर्यंत पोटातले न्यू उपसले.
एकेक उचलून कन्स्ट्रक्टरच्या उंबऱ्यावर मांडला :
मला घड्याळ लागेल. मला खातेवही लागेल.
मला निरोप पोचवणारा कुणीतरी लागेल,
कोण, ते तुम्ही ठरवा.
पलाश शेजारी बसून होता, काही बोलत नव्हता,
मधूनच बाटलीनं कूलरमध्ये पाणी ओतत होता.

साडेसातची बाबांची सुई मीच देते.
"रातभर काय करून राह्यली व्हती वं?"
"डिपेंडन्सी इंजेक्शन."
त्यांनी बंडी वर केली, पोटाची चिमूट धरली.
"कोणाले?"
सांगितलं : एका क्लासला. त्यानं स्वतः काही आणायचं नाही,
काय लागतं ते दारातच सांगायचं,
देणारा देईल.
सुई निघाली तरी चिमूट सोडायची विसरले ते.
"मंग यादी म्हण ना."

दुपारी चाचणी चालवली. खोट्या मेसेजवाल्याच्या वहीत
सहाशे बारा नोंदी, शहरात एकही फोन वाजला नाही.
पलाश हसला. मीही.
मग वही वरून खाली वाचली.
चारशे सातवं नाव नंदनवनातलं.
खातेवहीत ते अजून जिवंत होते,
उद्या खरा मेसेजवाला जोडला की
त्याच घरी तोच निरोप, तितकाच नीटनेटका.
पतसंस्थेला फोन केला. मॅनेजर म्हणाले,
दाखला आणून द्यायला सांगा त्यांना.

बाईंना मी फोन केला. दाखल्याचं बोलले नाही.
माफी मागितली. त्यांनी विचारलं, जेवलीस का.

क्लास आता अकरा ओळींचा. थकलेले दिवस मोजतो, बस.
रात्री त्यात बारावी लिहिली, सगळ्यांच्या वर :
आधी विचार, माणूस आहे का.
ती कोणत्या उंबऱ्यावरून आत येणार नव्हती.

घरी स्वयंपाकघरात खिळ्याला झारा,
दीड वर्ष झालं, उतरवलेला नाही.
बाबा रोज फडक्यानं पुसतात.